तीन पायांची घोडी

डॉक्टरांनी कोरा कागद पुढे सरकवला आणि हवेत बोट फिरवून जिलबीसारखं वळण काढून दाखवलं. खैरुद्दीन मुकादमला आधी वाटलं, आपण काहीतरी चुकीचं समजतोय. त्यानं शेजारी बसलेल्या मुलीकडे पाहिलं.

"स्पायरल, अब्बा," मुनिबा म्हणाली. "आतून बाहेर. जस्ट ड्रॉ."

खैरुद्दीननं पेन घट्ट धरलं आणि जिलबी काढली. रेघ करवतीच्या दातांसारखी उमटली. मग डॉक्टरांनी दोन कागदी पेले दिले, एकातलं पाणी दुसऱ्यात ओतायला सांगितलं. निम्मं टेबलावर सांडलं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इजिप्तहून आलेल्या त्या डॉक्टरांनी टेबल पुसलं. त्यांनी त्याला दोन्ही हात मांडीवर सैल सोडून बसायला सांगितलं आणि बराच वेळ नुसते त्या हातांकडे पाहत राहिले. मग चालायला लावलं, वळायला लावलं, मनगटं फिरवून बघितली. घरात आणखी कुणाचे हात थरथरतात का, हेही विचारलं. खैरुद्दीननं नाही म्हणून मान हलवली.

शेवटी डॉक्टर खुर्चीत मागे रेलून इंग्रजीत चार-पाच वाक्यं बोलले. खैरुद्दीनला त्यातलं काही कळलं नाही. तो मुनिबाच्या चेहऱ्याकडे बघत होता. तिथे आधी काहीच नव्हतं, आणि मग तिनं ओठ आत ओढून घेतले आणि डोळे पुसले.

"इट्स नॉट पार्किन्सन्स," ती म्हणाली. मग बापाला नीट कळावं म्हणून पुन्हा, सावकाश मराठीत म्हणाली, "तो आजार नाहीये, अब्बा. हात काम करताना थरथरतो, मांडीवर ठेवला की गप्प बसतो. डॉक्टर म्हणतात, तो आजार असता तर उलटं झालं असतं."

खैरुद्दीनच्या तोंडून "अल्हम्दुलिल्लाह" निघालं. आठ महिने तो हे ओझं घेऊन हिंडत होता. साखरतरला, त्याच्या कोकणातल्या गावी, मशिदीच्या जुन्या बांगीसाहेबांना हा आजार झाला होता. सगळ्या वाडीला बांग ऐकू जाईल असा ज्यांचा आवाज, त्यांना शेवटी पेज गिळता येत नव्हती आणि चेहरा लाकडासारखा झाला होता. खैरुद्दीननं ते डोळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हापासून आपल्या उजव्या हातातला चमचा जरा हलला की त्याला बांगीसाहेब आठवत.

डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. या थरथरीवरची नेहमीची गोळी त्याला चालणार नव्हती, कारण गवताच्या धुळीनं त्याला जुना दमा होता. दुसरी देतो, फरक पडला तर पडेल, असं ते म्हणाले. ही थरथर बहुतेक जाणार नाही, हळूहळू थोडी वाढेलही, पण जीव घेणार नाही. आणि निघताना स्वतःचं कोपर टेबलावर टेकवून दाखवत म्हणाले, हाताला टेका द्या. टेका मिळाला की थरथर कमी होते.

गाडीत बसल्यावर मुनिबा म्हणाली, "अब्बा, सीट बेल्ट." त्याला ती कडी खाचेत घालता येईना, तेव्हा तिनं घातली. आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच त्याला त्याची लाज वाटली नाही.

खैरुद्दीन अल ऐनला आला तेव्हा सव्वीस वर्षांचा होता, आता अठ्ठावन्न. शहराबाहेर वाळूच्या टेकड्यांना लागून एक मोठा खासगी मजरा होता. मजरा म्हणजे तिथली शेतवाडी. आधी फक्त खजुराची झाडं होती आणि खैरुद्दीनचं काम त्यांना पाणी सोडायचं. मग मालकांनी, ज्यांना सगळे अरबाब म्हणत, हौसेनं हरणं आणली, मागून ओरिक्स आणले. पांढरी शुभ्र जनावरं, शिंगं तलवारीसारखी लांब आणि सरळ. खैरुद्दीन त्यांच्याकडे लागला. त्यानं हव्वाबीला गावाहून आणलं, अरबाबनी मजऱ्याच्या कडेला दोन खोल्या दिल्या, मुनिबा तिथेच जन्मली आणि वाढली. आता ती शहरात एका दवाखान्याच्या काउंटरवर नोकरीला होती.

या जनावरांना हात लावायचा तर आधी त्यांना झोपवावं लागतं. त्यासाठी एक लांब नळीची बंदूक असते, गोळीऐवजी औषध भरलेली सुई मारणारी. तिचा परवाना रीतसर होता आणि ती अरबाबच्या घरात कुलपात असायची. ती आली तेव्हाचे जनावरांचे डॉक्टर नेम धरण्यात कच्चे होते. एका सकाळी त्यांच्या तीन सुया वाळूत गेल्या. जनावर बिथरून कुंपणावर आपटायला लागलं. बाजूला दोर घेऊन उभा असलेला खैरुद्दीन म्हणाला, "मी बघू का?" त्याची पहिलीच सुई मांडीत बसली. त्या दिवसापासून अठरा वर्षं नेम त्याचा.

ही विद्या बापाची. साखरतरला त्यांची खाडीकाठची भातशेती होती आणि शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर बापाकडे ठासणीची बंदूक होती. भात तयार झालं की डुकरं यायची. बापानं त्याला शिकवलं होतं, पाय रोवून उभं राहायचं, अर्धा श्वास सोडायचा आणि घोडा खेचायचा नाही, नुसता दाबत न्यायचा. बंदूक कशालाही टेकवलेली त्या काळी बापाला आवडायची नाही. खैरुद्दीनही तसाच तयार झाला. उभ्यानं, मोकळ्या हातावर. एकदा अरबाब शिकारीला टांझानियाला गेले, तेव्हा जनावरांची माहिती असलेला माणूस म्हणून त्याला घेऊन गेले होते. तिथे अरबाब बंदुकीखाली तीन पायांची एक काठी लावून नेम धरायचे. खैरुद्दीन मागे उभा राहून गालात हसला आणि मनात म्हणाला, हा तर म्हाताऱ्यांचा खेळ.

थरथर सुरू झाली ती गेल्या वर्षी. आधी पेल्यात, मग चमच्यात, मग किल्लीत. आणि फेब्रुवारीत बंदुकीत. एका हरणीच्या मांडीवर धरलेली सुई तिच्या पोटाच्या कडेला लागली. पोटात लागलेली सुई जिवावर बेतू शकते. त्या हरणीचं नशीब थोर, सुई कातड्यातच अडकली. तरी जनावरांच्या डॉक्टर अस्मिता दुपारपर्यंत तिच्याशेजारी वाळूत बसून होत्या. "वारा आला," खैरुद्दीन म्हणाला होता. "असेल," असं म्हणून त्यांनी तो विषय सोडला होता.

आजार नाही हे कळलं, पण हात तर तसाच होता. घरी येईपर्यंत आनंदात हे कुठेतरी मागे पडलं होतं. हव्वाबीनं दारातच मुनिबाकडून सगळं ऐकलं, आत जाऊन शुक्रान्याची नमाज पढली आणि मग चहा ठेवला. कप त्याच्यापुढे आला तेव्हा खैरुद्दीननं बघितलं, तो अर्धाच भरलेला होता.

"एवढाच?"

"वर्ष झालं, एवढाच देते," हव्वाबी म्हणाली. "संपला की पुन्हा भरते. तुमच्या लक्षात आलं नाही."

"म्हणजे तुला माहीत होतं."

"मला नाही माहीत होणार तर कुणाला? सासूबाईंनी शिकवलं होतं मला. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच दिवशी म्हणाल्या, मामूंचा, म्हणजे तुमच्या अब्बांचा, कप अर्धा भरायचा आणि त्यावर बोलायचं नाही."

खैरुद्दीननं कप खाली ठेवला. "अब्बांचा हात थरथरायचा?"

"तुम्ही इकडे होता. वर्षातून एक महिना यायचा, तेव्हा ते हात खिशात घालून बसायचे. बंदूकसुद्धा गडग्यावर ठेवून मारायचे शेवटी शेवटी. कुणी विचारलं तर म्हणायचे, लपून बसलोय, जनावराला दिसू नये म्हणून."

गडगा म्हणजे शेताभोवतीचा दगडी बांध. सुट्टीवर गेलेल्या खैरुद्दीननं बापाला त्या गडग्यामागे बसलेलं पाहिलं होतं आणि म्हातारा आळशी झाला असं वाटून तो हसलाही होता. आता त्याला एकाएकी खूप हलकं वाटलं आणि रडूही आलं. हव्वाबीनं उठून कप पुन्हा अर्धा भरला. मुनिबानं फोन काढून डॉक्टरांना निरोप धाडला, घरात आजोबांना ही थरथर होती. लगेच उत्तर आलं, वाटलंच होतं, असं अनेक घरांत चालत येतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर अस्मिता जनावरं बघायला आल्या. त्या मूळच्या पुण्याच्या, शहरात जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला, आणि आठवड्यातून दोनदा मजऱ्यावर यायच्या. वयानं मुनिबाहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या. खैरुद्दीननं रात्रभर वाक्यं जुळवली होती. त्यांनी गाडीतून पाय खाली ठेवताच तो म्हणाला, "डॉक्टरबाई, फेब्रुवारीत वारा नव्हता."

"माहितीये, चाचा," त्या म्हणाल्या. "खजुराचं पान हलत नव्हतं त्या दिवशी."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते. आणि खरं सांगू, दुसरं कोण आहे? माझा नेम तुम्ही पाहिलाय." पाहिला होता. एकदा त्यांची सुई पाण्याच्या टाकीला लागली होती. "पण त्यानंतर मी मोठं जनावर हातात घेतलं नाही, हे आलं का लक्षात? सगळी पुढे ढकलली. मलाही भीती वाटत होती."

खैरुद्दीननं मग सगळं सांगितलं. दवाखाना, जिलबी, पाणी, गोळी. डॉक्टर टेका द्यायला म्हणाले तेही सांगितलं. अस्मिताबाई गाडीच्या बॉनेटला टेकून ऐकत होत्या.

"मग प्रॉब्लेम कुठेय?" त्या म्हणाल्या. "टेका द्यायचा. शूटिंग स्टिक मिळतात ना, ॲडजस्ट होणाऱ्या. आमच्या फील्डमधले कितीतरी लोक वापरतात, हात चांगले असलेलेसुद्धा. अरबाबकडे असणार बघा, ते शिकारीला जायचे."

"आहेत," खैरुद्दीन म्हणाला. "मी पाहिल्यात."

"मग मागा."

मागायचं म्हणजे सांगायचं. आणि अरबाबना सांगायचं म्हणजे नोकरी. खैरुद्दीनला वाटत होतं, नेम गेलेल्या माणसाला कोण ठेवेल? व्हिसा नोकरीवर, दोन खोल्या नोकरीवर. पण दोन ठिकाणी सांगून झालं होतं आणि दोन्हीकडे आकाश कोसळलं नव्हतं. त्या जोरावर तो संध्याकाळी अरबाबच्या बैठकीच्या खोलीत, मजलिसमध्ये, गेला. अरबाब सत्तरी ओलांडलेले, गुडघ्याचं ऑपरेशन झालेले, खुर्चीत बसले होते. नेहमीप्रमाणे गहवा आला, वेलदोडा घातलेली फिकट अरबी कॉफी, बोटभर कपात. खैरुद्दीननं कप घेतला. हात थरथरला. कॉफी वाढणारा माणूस सुरई घेऊन पुढे गेला.

"थांब," अरबाब म्हणाले. मग खैरुद्दीनकडे वळून त्यांच्या मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं, "खैरू, एक साल से तू एक ही कप पीता है. गहवा अच्छा नहीं लगता अभी?"

तिथली रीत अशी, की पुरे झालं तर तोंडानं बोलायचं नाही, रिकामा कप हातात जरासा हलवायचा. मग पुन्हा वाढत नाहीत. खैरुद्दीनचा कप वर्षभर आपोआपच हलत होता. त्याला गहवा फार आवडायचा आणि एकावर थांबावं लागायचं. आपल्याला आता कमी वाढतात, म्हणजे आपली किंमत कमी झाली, असंही त्याला वाटून गेलं होतं.

"अरबाब, मी हलवत नाही," तो म्हणाला. "हात स्वतःच हलतो."

आणि मग त्यानं सांगून टाकलं. अरबाब ऐकत राहिले. ऐकता ऐकता त्यांच्या चेहऱ्यावर हसू यायला लागलं. खैरुद्दीनला वाईट वाटणार, तेवढ्यात त्यांनी सुरई स्वतःच्या हातात घेतली आणि त्याचा कप भरला. तो प्यायल्यावर पुन्हा भरला. तीन झाल्यावर खैरुद्दीननं कपावर तळवा ठेवला.

"हां, अब खलास," अरबाब म्हणाले. मग टांझानियाची गोष्ट काढली. तेव्हा त्यांचे हात दगडासारखे होते, तरी ती काठी का वापरायचे, तर जनावर जखमी होऊन झाडीत गेलं की दिवसभर त्याच्या मागे जावं लागतं आणि त्याचे हाल बघावे लागतात, म्हणून. एक गोळी, एक जागा, एवढंच त्यांना हवं असायचं. "तू पीछे खड़ा होके हंसता था," ते म्हणाले. "मैं देखता था."

खैरुद्दीननं मान खाली घातली. नोकरीचा विषयच निघाला नाही. त्यानं धीर करून विचारलं तेव्हा अरबाबना प्रश्नच कळला नाही. जनावरं त्याला ओळखतात, ती दुसऱ्या कुणाला ओळखतात का, असं काहीतरी ते बोलले आणि गोदामाची किल्ली दिली.

काठी कापडी पिशवीत होती. तीन पाय, प्रत्येक पाय एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा, मधे चिमट्यासारखे खटके. खटका उघडायचा, पाय हवा तेवढा लांब करायचा, खटका दाबायचा. वर बेचक्यासारखं रबर लावलेलं डोकं, गोल फिरणारं. त्या बेचक्यात बंदुकीची नळी विसावायची. डॉक्टरबाई शूटिंग स्टिक म्हणत, अरबाब अरबीत नुसतं 'असा' म्हणत, म्हणजे काठी. खैरुद्दीननं तिला घोडी म्हणायला सुरुवात केली. सुतार लाकूड ठेवतात ती घोडी. हव्वाबीनं विचारलं, बंदुकीला वर घोडा आहेच, आता खाली घोडी कशाला? तो कितीतरी दिवसांनी मोकळेपणानं हसला.

पहिले चार दिवस घोडीनं त्याला हैराण केलं. भुशानं भरलेलं पोतं तीस मीटरवर उभं करून तो रिकामी सुई मारायचा. एक पाय वाळूत खचायचा आणि नळी आभाळाकडे जायची. खटका नीट बसलेला नसला की पाय नळीत सरकन आत जायचा आणि सगळं एका बाजूला कलंडायचं. त्यानं खुराकाच्या बादल्यांची झाकणं गोल कापून पायांच्या टोकांना बसवली. तेव्हापासून पाय वाळूत खचेनात. घोडी हलकी होती, वाऱ्यानं डुगडुगायची, म्हणून वाळू भरलेली एक पिशवी मधोमध टांगली. उतारावर पुढचा एक पाय लांब, मागचे दोन आखूड. हे सगळं कुणी शिकवलं नाही. दिवसभर हातात खेळवून ते त्याचं त्याला समजत गेलं.

हाताचं मात्र समजायला वेळ लागला. सवयीनं तो बंदूक घट्ट धरायचा आणि जेवढी घट्ट धरावी तेवढी थरथर नळीत उतरायची. डॉक्टरबाई एकदा मागे उभ्या होत्या.

"चाचा, तुम्ही अजून उचलून धरताय तिला," त्या म्हणाल्या. "तिचं वजन तिला पेलू द्या ना."

"सवय आहे."

"सोडा."

त्यानं डावा हात नळीखालून काढला आणि बेचक्याच्या मानेवर नुसता ठेवला. उजवं कोपर बरगडीला चिकटवलं. वजन घोडीवर गेलं. बंदुकीवरच्या दुर्बिणीतलं काळं फुलीचं चिन्ह, जे गेलं वर्षभर माशीसारखं नाचत होतं, ते पोत्यावर येऊन थांबलं. अगदी थांबलं असं नाही, श्वासाबरोबर जरा वर-खाली व्हायचं. पण तेवढं तर तरुणपणीही व्हायचं. अर्धा श्वास सोडला, घोडा दाबत नेला. सुई पोत्यावर काढलेल्या वर्तुळात बसली. दुसरीही. पाचवीनंतर डॉक्टरबाईंनी मोजणं सोडून दिलं.

"काय म्हणता?" त्यांनी विचारलं.

 खैरुद्दीन पोत्यापर्यंत चालत गेला, सुया एकेक करून काढल्या, परत आला. "माझी अठरा वर्षं मी उगाच उभा राहिलो," तो म्हणाला.

खरी वेळ नोव्हेंबरात आली. ओरिक्सच्या कळपातला सर्वात मोठा नर लंगडताना दिसला. कुंपणाच्या डागडुजीत राहिलेला तारेचा तुकडा त्याच्या पुढच्या पायात, खुराच्या वर, आवळला होता आणि पाय सुजला होता. अजून दोन दिवस गेले असते तर पाय गेला असता. सकाळी साडेसहाला, ऊन चढायच्या आत, डॉक्टरबाई औषध भरून तयार होत्या. अरबाब लांब गाडीत बसून दुर्बिणीतून बघत होते. त्यांनी खैरुद्दीनला नुसता हात वर करून दाखवला.

खैरुद्दीन घोडी खांद्यावर टाकून, बंदूक हातात घेऊन निघाला. तो सरळ कळपाकडे गेला नाही. रोज खुराक टाकायला जसा तिरका जायचा तसाच गेला, मान खाली घालून. जनावरांनी कान हलवले आणि पुन्हा चरायला लागली. अडतीस मीटरवर तो थांबला. डॉक्टरबाई मागून हलक्या आवाजात अंतर सांगत होत्या. तो गुडघ्यावर बसला, खटके उघडून तिन्ही पाय आखूड केले, झाकणं वाळूत दाबली, पिशवी अडकवली. खटके एकेक करून पुन्हा बोटानं चाचपले. बंदूक बेचक्यात ठेवली.

नर एका मादीच्या आड उभा होता. मांडीचा पाव हिस्सा दिसत होता. खैरुद्दीन थांबला. पूर्वी असा थांबला की तीन-चार मिनिटांत हात भरून यायचे आणि बंदूक खाली करावी लागायची, मग ती हालचाल जनावराला दिसायची. आता बंदूक आपली आपण उभी होती. तो हात मांडीवर ठेवून बसू शकत होता, आणि त्यानं तसंच केलं. हात मांडीवर गप्प पडून राहिला. सहा मिनिटं गेली. मग मादी दोन पावलं पुढे सरकली आणि नराची सगळी मांडी उघडी पडली. खैरुद्दीननं हात उचलला, कोपर बरगडीला लावलं, श्वास अर्धा सोडला.

आवाज फुस्स एवढाच आला. सुईचं गुलाबी शेपूट मांडीच्या ऐन मध्यावर दिसलं. नर दचकला, वीसेक पावलं लंगडत पळाला आणि थांबला. मागे डॉक्टरबाईंनी घड्याळ लावलं. सातव्या मिनिटाला त्याची मान जड झाली, नवव्या मिनिटाला तो पुढच्या गुडघ्यांवर बसला.

मग घाई. डॉक्टरबाईंनी त्याच्या डोळ्यांवर फडकं बांधलं, खैरुद्दीननं त्याला कुशीवर पडू न देता त्याच्याच छातीवर टेकवून धरून ठेवलं, नाहीतर पोट फुगतं. पक्कडीनं तार कापली. खाली मांस लाल होतं, पण हाड शाबूत. धुतलं, औषध लावलं, एक इंजेक्शन सुजेवर. आणि शेवटी जागं करण्याचं इंजेक्शन देऊन दोघं मागे सरकले.

दोन मिनिटांत उठायला हवा होता. उठला नाही. तीन झाली. डॉक्टरबाई घड्याळ बघत होत्या आणि त्यांचा चेहरा उतरत चालला होता.  फडकं काढलेलं होतं, नराचा डोळा अर्धा उघडा, पापणीवर माशी. चौथ्या मिनिटाला कान हलला. माशी उडाली. मग त्यानं मान उचलली, इकडेतिकडे पाहिलं आणि पाय पोटाखाली गोळा करून एका झटक्यात उभा राहिला. जरा झोकांडी गेली. मग चारही पायांवर वजन टाकून, किंचित लंगडत, तो कळपाकडे चालत गेला आणि चरायला लागला.

डॉक्टरबाई मटकन वाळूत बसल्या. "चाचा, माझेच हात थरथरतायत बघा," त्या म्हणाल्या आणि हात पुढे करून दाखवले. खरंच थरथरत होते. दोघंही हसायला लागले. लांबून अरबाबच्या गाडीचा हॉर्न दोनदा वाजला.

त्या दिवशी जेवून खैरुद्दीन जो झोपला तो असरच्या नमाजेपर्यंत. वर्षभरात दिवसा त्याला झोप लागली नव्हती. हव्वाबीनं पडदा ओढून घेतला आणि फोनही बाहेर नेऊन ठेवला. उठल्यावर त्यानं तोंड धुतलं, मुनिबाला दवाखान्यात फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आय न्यू इट, अब्बा." मग तो अंगणात खुर्ची टाकून बसला आणि बराच वेळ विचार करून गावी धाकट्या भावाला फोन लावला. भाऊ तहा होड्यांचं सुतारकाम करतो.

इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर खैरुद्दीन म्हणाला, "तहा, एक विचारू? रंधा धरताना तुझा हात हलतो का रे?"

 पलीकडे कुणीतरी लाकूड ठोकत होतं, ते तेवढं ऐकू येत होतं.

"तुला कुणी सांगितलं?" तहा म्हणाला.

"कुणी नाही. माझाही हलतो."

"मी सगळ्यांना संधिवात सांगितलाय. दोन वर्षं." तहाचा आवाज बारीक झाला. "रोज बांगीसाहेब डोळ्यांपुढे येतात, भाई."

"ते नव्हे ते," खैरुद्दीन म्हणाला. "मी डॉक्टरांकडे जाऊन आलोय. ते नाहीये. अब्बांचंही हेच होतं. ऐक, बस जरा कुठेतरी, सगळं सांगतो."

काहीतरी सरकवल्याचा आवाज आला. "बसलो," तहा म्हणाला. "सांग."